मूत्राशयाला वीज : एका उपचाराचा इतिहास

लखनौपासून पंचवीसेक किलोमीटरवर मलिहाबाद आहे. दशहरी आंब्याच्या बागांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आंबा उतरवण्यासाठी तिथे माणूस झाडावर चढतो, जसा कोकणात नारळ काढण्यासाठी माडावर चढतो. आणि कधीतरी हात निसटतो. उत्तर भारतातील मणक्याच्या दुखापतींची कारणे पाहिली, तर रस्त्यावरील अपघातांच्या बरोबरीने उंचावरून पडणे हे कारण फार मोठे दिसते. झाडावरून, कठडा नसलेल्या गच्चीवरून, बांधकामाच्या परातीवरून. असा रुग्ण लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणला जातो, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "चालेल ना?" पाय हलत नाहीत हे सर्वांना दिसते. मूत्राशयाचा ताबा सुटला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढच्या काही वर्षांत जिवाला मोठा धोका तेथूनच असतो.

या न दिसणाऱ्या अवयवावर विजेने उपचार करण्याचे प्रयत्न सुमारे दीडशे वर्षे चालू आहेत. प्रस्तुत पाठात त्यांचा इतिहास पाहू. भौतिकोपचार आणि परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी टेन्स मशीन हाताळलेले असते. कंबरदुखीच्या रुग्णाला 'करंट लावणे' त्यांना नवे नाही. तोच करंट मूत्राशयासाठी वापरायचा तर तो शरीरावर नेमका कोठे लावायचा, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर दर वीस-तीस वर्षांनी बदलत गेले.

आधी थोडे शरीरशास्त्र

मूत्राशयाची कामे दोन : लघवी साठवणे आणि वेळ आली की ती बाहेर टाकणे. या कामांत दोन भाग सहभागी असतात. एक म्हणजे पिशवीची स्नायूंची भिंत. दुसरा म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू, ज्याला डॉक्टर स्फिंक्टर म्हणतात. साठवताना भिंत सैल आणि स्फिंक्टर घट्ट असतो. सोडताना याच्या अगदी उलट. भिंतीला आकुंचन पावण्याचा संदेश मज्जारज्जूच्या शेपटाकडील एस-२, एस-३ आणि एस-४ या मुळांतून येतो. स्फिंक्टरला आवळण्याचा संदेशही याच मुळांतून येतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढील सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

एकाच मुळांतून जाणारे हे दोन परस्परविरोधी संदेश एकमेकांवर आदळू नयेत, याची व्यवस्था मेंदूच्या देठात असते. केंब्रिजच्या लँगली आणि अँडरसन यांनी १८९५ मध्ये ओटीपोटातील अवयवांच्या मज्जातंतूंचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानंतर १९२५ मध्ये लंडनच्या बॅरिंग्टन यांनी मांजरांवरील प्रयोगांतून हे नियंत्रण केंद्र दाखवून दिले. आजही त्याला त्यांचेच नाव दिले जाते.

मणका मोडून मज्जारज्जू तुटला की मेंदूचे केंद्र आणि खालची मुळे यांचा संबंध संपतो. सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय लुळे पडते. मग खालच्या मज्जारज्जूची स्वतःची प्रतिक्षिप्त क्रिया परत येते, परंतु तिच्यात ताळमेळ नसतो. भिंत आणि स्फिंक्टर एकाच वेळी आवळले जातात. पाण्याने भरलेल्या फुग्याचे तोंड एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने तो पिळावा, तशी ही अवस्था असते. आतला दाब वाढत जाऊन मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. जोडीला जंतुसंसर्ग, खडे, ताप. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक वाचले नाहीत, आणि मृत्यूचे कारण पुष्कळदा लघवीतील संसर्ग किंवा शय्याव्रण हेच होते. हे चित्र बदलले ते १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केल्यानंतर. तिथे वीज नव्हती. होती ती कूस बदलण्याची शिस्त आणि ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत.

पिशवीत तार

विजेचा इतिहास मात्र यापेक्षा जुना आहे. डॅनिश शल्यचिकित्सक साक्स्टॉर्फ यांनी १८७८ मध्ये लघवी अडलेल्या रुग्णांवर एक उपाय नोंदवला. मूत्रमार्गातून नळी घालायची, नळीत धातूचा इलेक्ट्रोड ठेवायचा, दुसरा इलेक्ट्रोड ओटीपोटावर ठेवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. गॅल्व्हानींच्या प्रयोगात बेडकाचा मेलेला पाय विजेने उडतो, तर थकलेले मूत्राशयही विजेने आवळेल, असा हा सरळ तर्क होता. ज्याला हलवायचे त्यालाच वीज लावावी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हंगेरीत काटोना यांनी हीच पद्धत पुन्हा हाती घेतली, विशेषतः जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या मुलांसाठी. मात्र त्यांचा विचार वेगळा होता. मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंना विजेने सराव द्यावा, असे त्यांना वाटत होते. त्या काळी या भेदाकडे फार लक्ष गेले नाही. आज मागे वळून पाहताना तो फार महत्त्वाचा वाटतो.

१९६० च्या दशकात हृदयाचा पेसमेकर आला आणि अनेकांना मूत्राशयाचाही पेसमेकर करावासा वाटला. अमेरिकेत ब्रॅडली आणि बॉइस यांच्या गटांनी मूत्राशयाच्या भिंतीवरच इलेक्ट्रोड शिवून पाहिले. कुत्र्यांत हा उपाय चांगला चालला. माणसांत तो फसला. भिंत आवळण्यासाठी जेवढी वीज लागे, तेवढी आसपासच्या स्नायूंतही पसरे. परिणामी स्फिंक्टर आवळला जाई, मांड्या आखडत आणि जिथे संवेदना शिल्लक होती तिथे वेदना होत. तारा तुटत, भिंतीत रुतत. याच सुमारास, १९६३ मध्ये, इंग्लंडमधील एक्झिटरच्या कॉल्डवेल यांनी उलट दिशेने प्रयत्न केला. ज्यांना लघवी धरून ठेवता येत नव्हती, त्यांच्या स्फिंक्टरलाच वीज देऊन तो आवळून ठेवायचा. १९७० च्या आसपास नॅशॉल्ड यांनी थेट मज्जारज्जूच्या शेपटात इलेक्ट्रोड बसवले. काही रुग्णांना लघवी होऊ लागली, पण तेथेही स्फिंक्टर आडवा आला. एकाच दोरीने दोन दारे बांधलेली, एक उघडायला जावे तर दुसरे बंद होई.

ब्रिंडली यांची युक्ती

हा पेच लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी सोडवला. त्यासाठी त्यांना पेच नाहीसा करावा लागला नाही. तो आहे तसाच ठेवून त्यांनी वेळेचा उपयोग केला. हा भाग विद्यार्थ्यांनी थोडा सावकाश वाचावा. या सबंध इतिहासातील सर्वांत देखणा विचार हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ब्रिंडली हे शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. १९६० च्या दशकात त्यांनी दृष्टिहीन व्यक्तीच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग केला होता. पुढे ते मणक्याच्या रुग्णांकडे वळले आणि बबून माकडांवरील प्रयोगांपासून त्यांनी सुरुवात केली. एस-२ ते एस-४ च्या पुढील मुळांवर वीज दिली की भिंत आणि स्फिंक्टर दोन्ही आवळतात, हे त्यांना माहीत होते. पण दोन्ही स्नायूंची जात वेगळी आहे. स्फिंक्टर हा हातापायांच्या स्नायूंसारखा. झटकन आवळतो, झटकन सैल होतो. मूत्राशयाची भिंत आतड्यासारखी. तिला आवळायला वेळ लागतो आणि सैल व्हायलाही. मग वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांनी द्यावी : काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. चालू असताना दोन्ही आवळतात, लघवी होत नाही. बंद होताच स्फिंक्टर लगेच सुटतो, भिंत मात्र अजून आवळलेलीच असते. त्या मधल्या वेळात धार येते. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असे करत मूत्राशय जवळजवळ पूर्ण रिकामे होते.

हे यंत्र माणसात पहिल्यांदा यशस्वी झाले ते १९७८ मध्ये. शरीराच्या आत बॅटरी नव्हती. त्वचेखाली एक ग्राहक बसवलेला असे आणि रुग्ण बाहेरून त्यावर प्रक्षेपक धरून बटण दाबी. १९८६ मध्ये जर्मनीतील साउअरवाइन यांनी या शस्त्रक्रियेला आणखी एक पायरी जोडली. त्याच वेळी मागील मुळे, म्हणजे संवेदना वर नेणारी मुळे, कापून टाकायची. त्यामुळे भलत्या वेळी येणारी प्रतिक्षिप्त आकुंचने थांबली, दाब उतरला, मूत्रपिंडे वाचली. किंमतही मोठी होती. ज्या पुरुषांना प्रतिक्षिप्त क्रियेने ताठरता येत असे, ती गेली; उरलीसुरली संवेदना गेली. आणि कापलेले मूळ पुन्हा जोडता येत नाही. तरुण रुग्णासमोर हा सौदा ठेवणे सोपे नाही, आणि अनेकांनी तो नाकारला याचे आश्चर्य वाटू नये. अमेरिकेत या यंत्राला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा प्रसार मर्यादितच राहिला.

सॅन फ्रान्सिस्को, आणि मग घोटा

ब्रिंडली यांच्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत एमिल टनागो आणि रिचर्ड श्मिट याच मुळांवर काम करत होते. १९८२ मध्ये त्यांनी 'मूत्राशयाचा पेसमेकर' या नावाने आपला विचार मांडला. त्यांच्या कामातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एस-३ च्या मज्जातंतूला मंद वीज सतत देत राहिले, तर ज्यांचे मूत्राशय वारंवार, अवेळी आवळते, त्यांचे मूत्राशय शांत होते. या मार्गाने स्नायूला थेट हुकूम दिला जात नव्हता. वर जाणाऱ्या संवेदनेच्या तंतूंना वीज मिळत होती आणि मज्जारज्जू व मेंदू आपले वागणे बदलत होते. काटोना यांना जे अंधुक दिसले होते, ते येथे दुसऱ्या मार्गाने सिद्ध होऊ लागले.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये या यंत्राला अनावर घाईने होणाऱ्या लघवीगळतीसाठी मान्यता दिली आणि १९९९ मध्ये वारंवार लघवी व काही प्रकारच्या लघवी-अडकण्यासाठी. शस्त्रक्रिया करताना तार योग्य जागी बसली की नाही, हे सर्जन कसे ओळखतो? तो पायाकडे पाहतो. एस-३ ला वीज मिळाली की गुदद्वाराभोवतीचा भाग आत ओढला जातो आणि पायाचा अंगठा खाली वळतो. हा अंगठा पुढेही आपल्याला लागणार आहे.

अंगठा का हलतो? पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे जाणारा टिबियल मज्जातंतू एल-४ ते एस-३ या मुळांतून तयार होतो. म्हणजे मूत्राशयाची मुळे आणि तळपायाची मुळे काही अंशी एकच. मग एस-३ पर्यंत पोहोचण्यासाठी पाठ उघडायची गरज काय? खाली घोट्याजवळ त्याच तारेचे दुसरे टोक कातडीच्या जवळ आहे. १९८३ मध्ये एडवर्ड मॅकग्वायर यांनी पायावर नुसते पट्टीचे इलेक्ट्रोड लावून मूत्राशयाची अवेळी आकुंचने कमी झाल्याचे नोंदवले. ही कल्पना त्यांना चिनी ॲक्युपंक्चरमधून सुचली होती. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटे वर असलेला एक बिंदू त्या परंपरेत मूत्रविकारांसाठी शेकडो वर्षे वापरला जातो. एखादी जुनी पद्धत बरोबर जागा दाखवते आणि तिचे स्पष्टीकरण मात्र वेगळेच निघते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मार्शल स्टॉलर यांनी १९९० च्या दशकात पट्टीऐवजी केसासारखी बारीक सुई वापरली आणि १९९९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. घोट्याच्या वर तीन बोटे सुई, तळपायावर एक पट्टी, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. प्रवाह किती वाढवायचा? अंगठा वळेपर्यंत किंवा तळव्यात मुंग्या येईपर्यंत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या एका चाचणीत खरा उपचार घेतलेल्यांपैकी ५४.५ टक्के लोकांनी लक्षणीय सुधारणा सांगितली. खोटा, म्हणजे दिखाऊ उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २०.९ टक्के होते. हे सर्व अतिक्रियाशील मूत्राशयाचे रुग्ण होते, मणका मोडलेले नव्हेत. शिवाय दिखाऊ उपचारानेही पाचांतील एकाला बरे वाटले, हेही विसरू नये. सुईशिवाय, नुसत्या पट्ट्यांनी हा उपचार ब्रिटनमधील वृद्धाश्रमांतील रहिवाशांवर करून पाहिला गेला. २०२१ मध्ये आलेल्या त्या मोठ्या चाचणीत खऱ्या आणि दिखाऊ उपचारांत फरक आढळला नाही. जाहिरातींत पहिला अभ्यास दिसतो, दुसरा दिसत नाही. विद्यार्थ्यांनी दोन्ही वाचावेत.

लखनौच्या वॉर्डात

लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडले. पायाभरणी १९०५ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली होती. पुढे त्याचे विद्यापीठ झाले. मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण मध्यंतरी काही वर्षे या विद्यापीठाला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते. २०१२ मध्ये जुने नाव परत आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, रायबरेली रस्त्यावर, १९८० च्या दशकात संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. मूत्रविकार आणि मूत्रपिंडविकार हे तिचे नावाजलेले विभाग. मूत्राशयातील दाब मोजणारी यूरोडायनॅमिक्स तपासणी अशा ठिकाणी होते, आणि विजेचा कोणताही उपचार ठरवण्याआधी ही तपासणी आवश्यक असते. महाराष्ट्रात याच प्रकारचे काम मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत चालते. जखमी सैनिकांसाठी पुण्यातील खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे.

या वॉर्डांत वरील इतिहासातील कोणती गोष्ट पोहोचते? त्रिकास्थीत बसवायचे यंत्र लाखांच्या घरात जाते, आणि मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णात त्याचा भरवसाही देता येत नाही, कारण ज्या वरच्या केंद्रांचे वागणे बदलायचे त्यांच्यापर्यंतची वाटच तुटलेली असते. ब्रिंडली यांचे यंत्र अशाच रुग्णांसाठी होते, पण त्यासाठी प्रशिक्षित सर्जन, मुळे कापण्याची तयारी आणि पुढे आयुष्यभर यंत्राची देखभाल लागते. बाराबंकी किंवा हरदोईच्या खेड्यात परत जाणाऱ्या माणसाला ते कसे परवडावे? टेन्स मशीन मात्र काही हजार रुपयांत येते आणि जवळजवळ प्रत्येक भौतिकोपचार विभागात असते. म्हणून घोट्यावरचा उपचार भारतातील पुनर्वसन विभागांना आकर्षक वाटतो. मणक्याच्या रुग्णांवर त्याचे अभ्यास झाले आहेत, काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण ते लहान आहेत.

यात एक धोका आहे, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. करंटमुळे गळती कमी झाली, कपडे कोरडे राहू लागले, म्हणजे मूत्राशयातील दाब उतरला असे होत नाही. रुग्ण खूश, डॉक्टर खूश, आणि मूत्रपिंडे मात्र हळूहळू खराब होत आहेत, असे घडू शकते. आज या रुग्णांची मूत्रपिंडे ज्यामुळे वाचतात, ती गोष्ट विजेची नाहीच. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीज यांनी दाखवून दिले की नळी निर्जंतुक नसली तरी चालते. स्वच्छ धुतलेली नळी रुग्णाने दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घालून मूत्राशय रिकामे केले तरी पुरे. तेव्हाच्या अनेक डॉक्टरांना हे धक्कादायक वाटले, आणि आजही घरच्यांना पटवणे अवघड जाते. एकदा बसवून पिशवीला जोडून ठेवलेली नळी त्यांना सोयीची वाटते. बाईने स्वतः आरसा धरून नळी घालायची, हे तर कित्येक घरांत बोलताही येत नाही. विजेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाशेजारी या साध्या नळीची गोष्ट ठेवली, तर जास्त जीव कोणी वाचवले याबद्दल शंका राहत नाही. याच विद्यापीठातील अस्थिरोग विभागाने पक्षाघाताच्या रुग्णांच्या शय्याव्रणांसाठी ऋणदाबाचे नवे यंत्र तपासून त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले होते. मूत्राशयावरील करंटलाही अशाच स्थानिक, नेमक्या चाचणीची गरज आहे.

आता अंगठ्याकडे परत येऊ. भौतिकोपचारतज्ज्ञ घोट्याच्या वर पट्टी लावतो, दुसरी टाचेजवळ लावतो, आणि प्रवाह हळूहळू वाढवतो. दुखापत छातीच्या वरच्या भागात असेल तर रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते, कारण अशा रुग्णात खालून जाणाऱ्या कोणत्याही तीव्र उत्तेजनाने तो अचानक चढू शकतो. मज्जारज्जूचे शेपूट आणि त्याची मुळे दुखापतीतून वाचलेली असतील, तर काही क्षणांत महिनाभर न हललेला अंगठा खाली वळतो. ती मुळेच तुटली असतील तर तो हलत नाही, आणि मग या उपचारात फारसा अर्थ नाही. पण तो हलला की खाटेशेजारी उभे असलेले वडील किंवा भाऊ पुढे झुकतात. त्यांना वाटते, पाय आला. हा करंट लघवीसाठी आहे, अंगठा मशीनने हलवला, तुमच्या मुलाने नाही, हे त्या वेळी त्यांना समजावून सांगावे लागते, आणि शक्यतो मशीन चालू करण्याआधीच सांगितलेले बरे.